तुटतं एक, ढिलं असतं दुसरंच

खाणीच्या रस्त्यावर, जंगलात किंवा दगडी चढावर गाडी अडकली की पहिली चौकशी होते ती काय तुटलं याची. सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा पाटा, एक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा सांधा), चाक फिरवणारा एक्सल शाफ्ट. मग त्याच भागाचा आणखी जाड आणि महाग प्रकार आणून बसवतात, आणि काही महिन्यांत शेजारचा भाग जातो. आमचा आग्रह असा की नवा भाग मागवण्याआधी जुन्याचे दोन्ही तुकडे पुसून उजेडात धरावेत. तो का तुटला हे बहुतेक वेळा तुटलेल्या तोंडावरच दिसतं.

शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा एका कडेपासून पसरत गेलेल्या दिसल्या, तेवढा भाग गुळगुळीत आणि बाकीचा खडबडीत असेल, तर ती थकव्याची भेग. ती एका दिवसात पडत नाही. प्रत्येक हादऱ्याला थोडी थोडी सरकत जाते आणि उरलेलं पोलाद भाराला पुरेनासं झालं की तुकडा पडतो. गुळगुळीत भागावर गंज चढला असेल तर भेग बरीच जुनी समजायची. रेषा जिथून निघाल्या ती जागा शोधा. तिथे गंजाचा खड्डा, दगडाचा ओरखडा, वेल्डिंगचा ठिपका किंवा ढिल्या जोडाने घासल्याची खूण सापडते. रेषा अजिबात नसतील, सगळं तोंड एकसारखं असेल आणि शाफ्टचे स्प्लाइन (टोकावरचे लांबट दात) पिळले गेले असतील, तर भार एकाच झटक्यात जास्त आला. पहिल्या प्रकारात जाड भाग बसवला तरी मूळ कारण जागच्या जागी राहतं. दुसऱ्यात मात्र भागाची ताकद वाढवायची की भार कमी करायचा, हे ठरवावंच लागतं.

पाट्यांवर ही तपासणी फार छान कळते. पाटा मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला असेल तर संशय सरळ यू-बोल्टवर, म्हणजे पाटे एक्सलला आवळून धरणाऱ्या इंग्रजी यू आकाराच्या बोल्टांवर घ्या. सेंटर बोल्टचं काम पाटे एका ओळीत ठेवणं आणि एक्सल जागेवर बसवणं एवढंच. ओझं आणि ब्रेकचा झटका पेलते ती यू-बोल्टची आवळण. आवळण पक्की असेल तोवर पाट्यांचा मधला भाग एक्सलशी एकजीव राहतो, वाकत नाही. ती ढिली झाली की तोच भाग वाकू लागतो, आणि भोकामुळे तिथे पोलाद सगळ्यात कमी असतं. पाटा यू-बोल्टच्या लगेच बाहेर तुटला तर जादा ओझं, वारंवार तळाला आपटणं किंवा प्लेटची धारदार कड ही कारणं तपासायची. डोळ्याजवळ, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या गोल वळणाजवळ तुटला तर शॅकल (ते टोक चॅसिसला जोडणारा हलता दुवा) अडकतोय का आणि डोळ्यातलं बुश (नळीसारखं अस्तर) झिजलंय का ते बघायचं.

एकदा सोडलेले यू-बोल्ट परत वापरू नयेत. आवळताना ते ताणले गेलेले असतात आणि आटे दबलेले असतात. दुसऱ्यांदा पान्हा तेवढाच टॉर्क (पिळण्याचा जोर) दाखवतो, पण पकड तेवढी येत नाही. तापवून वाकवलेले यू-बोल्ट घेऊ नका, तापवल्याने त्यांचं पाणी उतरतं. नट उंच आणि खाली कडक केलेला सपाट वायसर हवा. बसवताना एक्सलची बैठक आणि प्लेट तारेच्या ब्रशने अगदी धातूपर्यंत साफ करा, कारण मधे राहिलेला रंगाचा थर पुढे दबतो आणि तेवढीच आवळण जाते. गाडीचं वजन चाकांवर ठेवून चारही नट तिरकस क्रमाने, तीन-चार टप्प्यांत आवळा. पहिल्या १०० किलोमीटरच्या आसपास एकदा आणि ५०० ते १००० किलोमीटरला पुन्हा टॉर्क रेंच लावा. ही दुसरी-तिसरी खेप सगळेच टाळतात, आणि आमच्या मते पाट्यांच्या बहुतेक तक्रारी तिथेच जन्मतात.

बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाचायची सवय लावून घ्या. ८.८ मधला पहिला आकडा १०० ने गुणला की तुटण्याची ताकद मिळते, ८०० मेगापास्कल (ताण मोजण्याचं एकक). त्याच्या दशांश आठ, म्हणजे ६४० मेगापास्कलच्या पुढे बोल्ट कायमचा ताणला जातो. १०.९ साठी हेच आकडे १००० आणि ९०० आहेत. सस्पेन्शन आणि स्टीअरिंगमध्ये कंपनीने १०.९ दिला असेल तर तिथे ८.८ चालत नाही. उलट १२.९ लावला म्हणजे दुप्पट भलं झालं असंही नाही. इतक्या कडक बोल्टवर विजेने झिंक चढवलं तर पोलादात हायड्रोजन शिरतो आणि आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी बोल्ट आपोआप मोडू शकतो.

टॉर्क रेंचवर जो जोर लागतो त्यातला साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला वापरला जातो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क ऑइल लावलेल्या आट्यांना दिला तर बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. मॅन्युअलमध्ये आटे कोरडे सांगितलेत की ऑइल लावलेले, ते आधी वाचा. स्प्रिंग वायसरवर विसंबू नका. गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमधून दिसलं की जोड आडवा सरकत राहिला तर नट आपोआप फिरून सुटतो, आणि अशा कंपनापुढे स्प्रिंग वायसर टिकत नाही. पुरेशी आवळण, लांब बोल्ट आणि जिथे चालेल तिथे मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे सुटू न देणारा गोंद) हे जास्त भरवशाचं. नायलॉन नट सायलेन्सर किंवा टर्बोजवळ लावू नयेत, साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पुढे नायलॉनची पकड राहत नाही. तिथे पूर्ण धातूचा लॉकनट लावा. शेवटी प्रत्येक महत्त्वाच्या नटापासून खालच्या धातूपर्यंत पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी गाडीखाली टॉर्च मारला की तुटलेली रेघ लगेच दिसते.

आता पाणी. दिवसभर चालून तापलेला एक्सल ओढ्यात उतरला की आतली हवा एकदम आकुंचन पावते आणि ब्रीदर (एक्सलमधल्या हवेला ये-जा करू देणारी छोटी टोपी) तुंबलेला असेल तर ऑइल सीलच्या (शाफ्टभोवती ऑइल अडवणाऱ्या कडीच्या) ओठाखालून पाणी आत ओढलं जातं. तोच तुंबलेला ब्रीदर कोरड्या रस्त्यावर उलटा त्रास देतो: आतली हवा तापून फुगते, ऑइल सीलमधून बाहेर येतं आणि ब्रेक लायनिंगवर पसरतं. सील बदलून बदलून थकलेल्या कित्येक गाड्यांचा दोष या छोट्या टोपीत असतो. ती काढून तिथे ऑइल सोसणारी ६ ते ८ मिलिमीटरची नळी जोडा, वर इंजिनाच्या खोलीत न्या आणि टोक खाली वळवून ठेवा. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसलाही (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीलाही) हेच करा. नळी एक्सलच्या हालचालीत ताणली जाणार नाही एवढी ढिली सोडा.

खोल पाण्यातून आल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी, चालू करण्याआधी, डिफरन्शियलचा (एक्सलवरच्या गिअरांच्या गोळ्याचा) खालचा प्लग अगदी थोडा सैल करा. पाणी जड असल्याने तळाशी बसतं, म्हणून आधी तेच थेंब थेंब येतं. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आधीच घुसळलं गेलंय. ऑइल बदला, थोडं अंतर चालवा आणि पुन्हा एकदा बदला, कारण कोपऱ्यांत आणि बेअरिंगमध्ये राहिलेलं पाणी पहिल्या खेपेत निघत नाही. हायपॉइड (पिनियनचा अक्ष बाजूला सरकवलेल्या) डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं. पण ज्या गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलंय तिथे तेच घाला, जीएल-५ मधली काही रसायनं पितळी सिंक्रोनायझर रिंगना मानवत नाहीत.

नवं सील बसवण्याआधी शाफ्टवर जिथे सीलचा ओठ टेकतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडली आहे, आणि कितीही भारी सील तिथे टिकणार नाही. दुरुस्तीची पातळ स्लीव्ह चढवा, किंवा जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढेमागे बसवा. चिखलाच्या गाडीला आत स्प्रिंगचा ओठ आणि बाहेर धुळीचा वेगळा ओठ असलेलंच सील घ्या.

क्रॉसच्या बाबतीत दोन मतं आहेत. ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) नसलेल्या क्रॉसला आतून भोक पाडलेलं नसतं, म्हणून तो जास्त पीळ सोसतो. निपलवाल्यात ग्रीस भरून चिखल-पाणी बाहेर ढकलता येतं. दगडांवर हळू आणि जोरात ताण देऊन चालणाऱ्या गाडीला आम्ही पहिला सुचवू. रोज चिखलात आणि पाण्यात चालणाऱ्या ट्रकला दुसरा. ग्रीस मारताना चारही कपांतून नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत मारा. एक कप कोरडा राहिला तर तोच आधी जातो. वेगवेगळ्या साबणाचं (ऑइल घट्ट करणाऱ्या घटकाचं) ग्रीस एकत्र करू नका, काही जोड्या पातळ होऊन गळून जातात. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही अर्ध्यांवर खूण करा. स्प्लाइन एक दात जरी चुकून बसला तरी योकची (क्रॉस धरणाऱ्या दुशिंगी टोकांची) ओळ बिघडते आणि थरथर सुरू होते.

मोठे टायर घालणाऱ्यांनी एक हिशेब आधी करावा. ३१ इंचांवरून ३५ वर गेलात तर व्यास जवळपास १३ टक्क्यांनी वाढतो आणि ४.१० चा डिफरन्शियल रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) ३.६३ सारखा वागू लागतो. क्लच जास्त घसरतो, ब्रेकला जास्त जोर लागतो, आणि चाक दगडात अडकल्यावर शाफ्टवर येणारा पीळही वाढतो. मग लोक क्रोमोलीचे (जास्त मजबूत मिश्र पोलादाचे) शाफ्ट घालतात, आणि पुढच्या वेळी डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियन गिअरचे दात जातात. पॉवरच्या वाटेवर कुठला भाग आधी तुटावा हे मालकाने स्वतः ठरवलेलं बरं. माळावर पालथं पडून तासाभरात बदलता येईल असा क्रॉस किंवा शाफ्ट तिथे असू द्या आणि त्याचा एक जादा नग गाडीत ठेवा. हाऊसिंग उघडायची वेळ यायला नको.

रबर बुशचा बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचा आवळू नये. आतली स्लीव्ह त्याच स्थितीत पकडली जाते, गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी हलवा, मग आवळा. पॉलियुरेथेन बुश झीज चांगली सोसतात, पण ज्या आर्मला एकाच वेळी दोन दिशांना पिळावं लागतं तिथे ते अडतात आणि ताण ब्रॅकेटवर जाऊन तिथलं वेल्डिंग चिरतं. बंप स्टॉप (एक्सल वर आपटू न देणारा रबरी ठोकळा) गळून पडला असेल तर आधी तो लावा. तो नसताना शॉकअब्सॉर्बर स्वतःच तळाला आपटतो आणि त्याचा दोष शॉकअब्सॉर्बरच्या माथी मारला जातो.

एअर फिल्टर वारंवार काढून झटकण्याची सवय वाईट. दर वेळी थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडते. फिल्टर किती तुंबलाय ते दाखवणारा इंडिकेटर असेल तर त्यावर चाला. फिल्टरच्या पुढच्या नळीचं आतलं तोंड पांढऱ्या कापडाने पुसा. बारीक मातीची रेघ उमटली तर क्लॅम्प ढिला आहे किंवा नळीला चीर आहे, आणि ती माती थेट पिस्टन रिंगा खात आहे. रेडिएटरमधला चिखल पाण्याने इंजिनाच्या बाजूकडून बाहेर ढकला. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पापड्या वाकतात. एअर ब्रेकच्या ट्रकला टाकीतलं पाणी रोज सोडायचंच.

सुटा भाग विकत घेताना हातात कानस असू द्या. पाट्याची पिन किंवा किंगपिन (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती) वरून कडक केलेली असते, कानस तिच्यावरून घसरते. ती चावली आणि लगेच ओरखडा उठला तर पिन कोवळी आहे, परत करा. बेअरिंगवरचा नंबर खोल आणि स्वच्छ कोरलेला असावा, डब्यावरच्या नंबराशी जुळावा, आणि रोलर बोटाने फिरवताना कुठेही अडखळू नये. जुना भाग सोबत न्या आणि दोन्ही एकाच तराजूत ठेवा. त्याच मापाचा नवा भाग ठळकपणे हलका भरला तर भिंत पातळ आहे किंवा आतलं काहीतरी वगळलेलं आहे.