एकेका मिनिटाची साखळी

शुक्रवारी संध्याकाळी अजेंडा लागला. कॅलिफोर्नियात ब्राऊन ॲक्ट म्हणून १९५३ चा कायदा आहे, त्यामुळे नगर परिषदेच्या नियमित बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लोकांसमोर ठेवावाच लागतो. सोमवारी फायनान्स कमिटीची बैठक होती आणि विषय आमचा होता, शहराच्या स्वतःच्या मालकीची बँक काढता येईल का याचा अभ्यास करायला पैसे द्यायचे की नाही. सोबत फायनान्स विभागाचा मेमो जोडलेला होता आणि त्याच्या शेवटी शिफारस एका ओळीची, सध्या कोणतीही कार्यवाही करू नये.

मी या मोहिमेत पगारी ऑर्गनायझर आहे. आधी बरीच वर्षं बँकेत कर्जाचे अर्ज तपासायचं काम केलंय, त्यामुळे मेमो वाचताना लक्षात आलं की लिहिणाऱ्याने मन लावून लिहिलंय, उगाच झटकून टाकायला नाही. तीन हरकती होत्या. भांडवल कुठून आणणार, लोकांच्या पैशाच्या सुरक्षिततेचं काय, आणि राजकारणी लोक कर्जं वाटण्यात हात घालणार नाहीत कशावरून. तिन्ही प्रश्न खरे आहेत. शहराचं नाव लिहीत नाही कारण काम अजून चालू आहे.

भारतातल्या वाचकांना वाटेल यात काय विशेष, आपल्याकडे १९ जुलै १९६९ ला एका फटक्यात १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, सरकारी बँक हा रोजच्या जगण्याचाच भाग आहे. पण अमेरिकेत आम लोकांशी व्यवहार करणारी, राज्याच्या मालकीची म्हणावी अशी जुनी बँक एकच, बँक ऑफ नॉर्थ डकोटा, १९१९ सालची. आणि आम्ही मागतोय ती सहकारी बँक पण नाही, तिचे मालक सभासद नसतात तर शहर किंवा काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) असते, म्हणजे सगळेच नागरिक. कॅलिफोर्नियात हे कायद्याने शक्य झालं ते २०१९ मध्ये, एबी ८५७ या विधेयकावर सही झाली तेव्हा. त्यात एका वर्षात जास्तीत जास्त दोन परवाने आणि सगळे मिळून दहा अशी मर्यादा आहे, ठेवींना एफडीआयसीचा, म्हणजे बँकेतल्या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेचा विमा हवाच, आणि अर्ज करण्याआधी व्यवहार्यता अभ्यास हवा. आमची मागणी त्या पहिल्या पायरीची होती.

सोमवारी सकाळी युनियनच्या हॉलमध्ये जमायचं ठरलं होतं, संध्याकाळच्या पब्लिक कमेंटची, म्हणजे बैठकीत नागरिकांना बोलायला मिळतं त्याची तयारी करायला. प्रत्येकाला एकच मिनिट मिळतं, साठ सेकंद झाले की माइक बंद. वीस-बावीस लोकांनी नावं दिली होती, प्रत्येकाने आपापलं भाषण लिहून आणलेलं, आणि आम्ही एकेक ऐकायला लागलो तर सगळी साधारण सारखीच निघाली. मोठ्या बँका आपल्या पैशावर कमावतात, पैसा बाहेर जातो, आपली बँक असेल तर घरं बांधता येतील, छोट्या धंद्यांना कर्ज मिळेल. सगळं मनापासून होतं आणि त्यातलं बरंचसं खरंही होतं.

त्यात एक बस ड्रायव्हर बाई होत्या, पहाटेची शिफ्ट संपवून थेट आलेल्या, युनिफॉर्ममध्येच. त्यांनी मेमोची प्रिंट आणली होती, त्यावर पेनाने खुणा केलेल्या. त्यांचं भाषण म्हणायची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मी माझं भाषण वाचत नाही, मला आधी एक सांगा, चौथ्या पानावर जे लिहिलंय त्याला उत्तर कोण देणार आहे? कारण तिथे मोठी बँक चांगली की वाईट हे विचारलेलंच नाहीये.’

हॉलमध्ये जरा चुळबूळ झाली. एक दोघांना राग आला, इतके महिने राबलोय आणि आता ऐनवेळी काय. पण मला त्या वाक्याने जोर आला कारण आम्ही दोन वर्षं सगळ्यांकडून हेच ऐकत आलो होतो की सामान्य माणसाला बँकिंग कळत नाही, त्याला भावनेचंच बोला. मग फळा ओढला आणि चौथं पान मोठ्याने वाचलं.

चौथ्या पानावर तारणाचा मुद्दा होता. शहर बँकेत पैसे ठेवतं तेव्हा एफडीआयसीचा विमा अडीच लाख डॉलरपर्यंतच पुरतो, त्याच्या वरच्या रकमेसाठी बँकेला शहराकडे तारण ठेवावं लागतं, आणि कॅलिफोर्नियाच्या नियमात रोखे तारण असतील तर ते ठेवीच्या ११० टक्के किमतीचे लागतात. बाईंनी लगेच विचारलं, म्हणजे शंभर डॉलर घेतले तर एकशे दहाचे रोखे बाजूला? हो. मग त्या शंभरातून कर्ज कसं देणार? झालं, नेमका प्रश्न. मोठ्या बँकेकडे रोख्यांचा डोंगर असतो तिला काही फरक पडत नाही, पण कोपऱ्यावरच्या छोट्या बँकेला शहराची मोठी ठेव परवडतच नाही. म्हणून ‘शहराचे पैसे लोकल बँकेत हलवा’ ही मागणी ऐकायला सोपी आहे पण नुसती तेवढीच केली तर जागची हलत नाही. आणि त्या छोट्या बँका तशाही कमी होत चालल्यात, १९८४ च्या सुमाराला अमेरिकेत १४ हजारांवर कमर्शियल बँका होत्या, आता चार हजारांच्या आसपास उरल्यात.

इथे नॉर्थ डकोटा कामाला येतं. तिथली सरकारी बँक लोकल बँकांच्या समोर दुकान मांडत नाही. कर्जाचा अर्ज लोकल बँकेत येतो, रक्कम तिच्या आवाक्याबाहेरची असेल तर सरकारी बँक त्यात हिस्सा घेते, आणि सार्वजनिक ठेवींसाठी तारण म्हणून लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे भरण्याचं हमीपत्र देते म्हणजे छोट्या बँकेचे रोखे अडकून पडत नाहीत. मी हे फळ्यावर बाणांनी काढलं आणि एक निवृत्त शिक्षक उठून म्हणाले की हे एका मिनिटात मी सांगतो, माझं जुनं भाषण फाडून टाका.

मग सगळ्यांनीच फाडली. दुपारभर आम्ही भाषणांची साखळी केली. पहिल्याने मेमोतली पहिली हरकत वाचायची, दुसऱ्याने त्यातलं काय खरं आहे ते मान्य करायचं, तिसऱ्याने उत्तर द्यायचं, मिनिट संपलं तर पुढच्याने तिथूनच वाक्य उचलायचं. सगळ्यात जास्त वेळ भांडवलावर गेला. चळवळीत एक समज फार पसरलाय की शहराच्या ठेवी आल्या की बँक सुरू, आणि तो मोडणं मला महत्त्वाचं वाटत होतं. ठेव हे बँकेवरचं देणं आहे, भांडवल ही मालकाची स्वतःची रक्कम, कर्ज बुडालं तर आधी ती जाते. नव्या बँकेला पहिली तीन वर्षं एफडीआयसी साधारण ८ टक्के भांडवल राखायला लावते. म्हणजे ५० कोटी डॉलरची बँक हवी तर ४ कोटी आधी टेबलावर. हे ऐकल्यावर हॉल शांत झाला. एका तरुण मुलाने विचारलं, मग हे आपण त्यांच्यापासून लपवायचं का? मी म्हटलं अजिबात नाही, आपण हेच आधी बोलायचं, कारण एकट्या शहराला जड आहे हे आपणच म्हटलं की काउंटी आणि शेजारची शहरं मिळून भांडवल घालण्याची गोष्ट आपल्याच तोंडून येते.

तसंच दुसरं, शहराचा सगळा पैसा काही मोठ्या बँकेच्या खात्यात नसतो. बराचसा सरकारी रोख्यांत असतो, काही राज्याच्या खजिनदारांच्या लेफ नावाच्या फंडात, जो १९७७ पासून चालू आहे. आमच्याच पत्रकात ‘शहराचे सगळे कोट्यवधी डॉलर परत आणा’ असं छापलेलं होतं, ते वाक्य त्या दिवशी काढून टाकलं. ज्यांनी ते लिहिलं होतं त्यांनीच खोडलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

संध्याकाळी सभागृहात गेलो. आमचा विषय यायला बराच उशीर झाला, फूटपाथ दुरुस्तीचं कंत्राट, मग पार्किंग मीटर, लोक जेवायचे राहिलेले, कुणाची पोरं खुर्चीत झोपलेली. पण कुणी उठून गेलं नाही.

पब्लिक कमेंट सुरू झाली. पहिल्याने मेमोतलं वाक्य वाचलं, पान नंबरसकट. कमिटीच्या अध्यक्ष बाई आधी कागद चाळत होत्या, तिसऱ्या-चौथ्या वक्त्याला त्यांनी मेमो उघडून समोर घेतला. तारणावर बोलताना शिक्षकांचा माइक मध्येच बंद झाला, ‘आणि म्हणून छोट्या बँकेचे रोखे’ इथपर्यंत आले होते, पुढच्या बाई उठल्या आणि ‘अडकून पडत नाहीत’ इथूनच सुरू झाल्या. सभागृहात लोक आपोआप सावरून बसले. मी मागे भिंतीला टेकून उभी होते, एकही ओळ मला सुचवावी लागली नाही.

राजकीय हस्तक्षेपाचा भाग त्या तरुणाकडे होता. त्याने १९२१ ची गोष्ट सांगितली. नॉर्थ डकोटात ज्या नॉनपार्टिसन लीगच्या शेतकऱ्यांनी बँक काढली त्यांचाच गव्हर्नर, लिन फ्रेझिअर, लोकांनी मुदतीआधी मतदान घेऊन परत बोलावला, अमेरिकेत असं पहिल्यांदाच झालं. आणि त्याच निवडणुकीत बँक मोडण्याचा प्रस्तावही होता, तो मात्र लोकांनी नाकारला. माणूस घालवला, बँक ठेवली. मग लगेच त्याने पुढे जोडलं की म्हणून नियम आधी लिहून ठेवा, कुठलं कर्ज मंजूर होणार हे नगरसेवक ठरवणार नाहीत, ते बँकिंग कळणारी माणसं ठरवतील आणि ऑडिट सगळ्यांना बघता येईल.

शेवटी त्या बस ड्रायव्हर बाई. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. ‘आज रात्री आपल्या शहराचे पैसे नेमके कुठे आहेत, त्यावर आपल्याला किती मिळतं, आणि आपण बाँड काढतो तेव्हा किती व्याज भरतो, हे तिन्ही आकडे एका पानावर मला कुणी देऊ शकेल का?’ अजून वीसेक सेकंद बाकी होते, त्या तशाच उभ्या राहिल्या.

पब्लिक कमेंटला उत्तर द्यायचं बंधन नसतं. पण अध्यक्ष बाईंनी फायनान्स डायरेक्टरना तोच प्रश्न विचारला. ते प्रामाणिक गृहस्थ आहेत, हे मी मुद्दाम सांगते कारण आमच्यातले काही त्यांना खलनायक करायला निघतात. ते म्हणाले तिन्ही आकडे आहेत पण वेगवेगळ्या अहवालांत आहेत, एका पानावर कधी मांडले नाहीत, कारण कुणी मागितले नव्हते. मग थोडं थांबून म्हणाले की त्यांची मुख्य काळजी भांडवलाचीच आहे, आणि आज ती काळजी मान्य करून कुणीतरी बोललं, तर अभ्यासाचा पहिला भाग त्यावरच असेल या अटीवर त्यांचा विरोध नाही.

मतं दोन विरुद्ध एक पडली, अभ्यासाचा प्रस्ताव पूर्ण कौन्सिलकडे पाठवायचा. विरोधात मत देणाऱ्या सदस्यांनी लॉस एंजेलिसचं उदाहरण दिलं, तिथे २०१८ मध्ये शहराला बँक काढायची वाट मोकळी करणारं मेझर बी लोकांसमोर मतदानाला ठेवलं आणि ते पडलं. मला त्यांचा मुद्दा पटतो पण निष्कर्ष नाही. तिथे बँक कशी असेल हे ठरायच्या आधीच हो म्हणा असं लोकांना विचारलं गेलं, आणि मेमो वाचल्याशिवाय आम्ही भाषणं केली असती तर आमचं पण तेच झालं असतं. अभ्यास आधी हवा तो याचसाठी.

बाहेर पडल्यावर पार्किंगमध्येच वाद सुरू झाला, बँकेच्या संचालक मंडळात कोण असावं. बस ड्रायव्हर बाईंचं म्हणणं किमान एक जागा शहराच्या कामगारांसाठी हवी. शिक्षक म्हणाले आधी बँकिंगचा अनुभव, मग बाकी सगळं, नाहीतर एफडीआयसी अर्जच परत पाठवेल. मला दोघांचंही थोडं थोडं पटलं आणि मी सांगितलं की हे लिहून काढा, जर्मनीच्या स्पारकासेंचे नियम पण बघा, त्या शहर-जिल्ह्यांशी बांधलेल्या बँका आहेत आणि आपल्याच भागात धंदा करतात, त्यांच्या मंडळात लोकप्रतिनिधी बसतात, त्याचे फायदे तोटे दोन्ही बघायला मिळतील.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मागितलेलं ते एक पान बनवायला बसलो, वार्षिक वित्तीय अहवालातून आकडे काढून. डायरेक्टरांच्या ऑफिसमधून एका ॲनालिस्टने फोन करून सांगितलं की बाँडच्या व्याजाचा तक्ता तुम्ही बघताय तो जुना आहे, नवा पाठवते. काउंटीच्या खजिनदारांना भेटीसाठी पत्र टाकलंय, भांडवलात त्यांचा किती वाटा असू शकतो एवढाच प्रश्न घेऊन जाणार आहोत, आणि बोलणार बस ड्रायव्हर बाईच आहेत.