तुम्ही विचारलंत म्हणून : झिजलेल्या गुडघ्याला व्यायाम कशाला?

सांगलीत फिजिओथेरपीचे काम करू लागल्याला मला १८ वर्षे झाली. एवढ्या काळात सर्वांत जास्त वेळा कानावर आलेला प्रश्न एकच आहे, आणि तो बहुधा तपासणी आटोपून मी व्यायामाचा कागद हातात देते त्याच क्षणी येतो : "मॅडम, गुडघा झिजलाय म्हणता, मग व्यायामाने तो आणखी झिजणार नाही का?" प्रश्न रास्त आहे. चप्पल झिजली की जपून वापरावी आणि टायर झिजले की गाडी कमी काढावी, हे ज्यांनी आयुष्यभर पाहिले आहे, त्यांना झिजलेला सांधा वापरायला सांगणे उफराटेच वाटणार. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मते घोटाळा 'झीज' या शब्दाने केला आहे. टायर निर्जीव असतो, गुडघा नसतो. हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत आवरण असते, त्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते, आणि तो द्रव तिच्यात मुरण्यासाठी तिच्यावर दाब पडावा लागतो आणि सुटावाही लागतो. चालताना, उठताना, बसताना नेमके हेच घडत असते. दुसरी गोष्ट स्नायूंची. गुडघा दुखत किंवा सुजलेला असला, की मांडीच्या पुढच्या स्नायूला पूर्ण जोर लावताच येत नाही, आणि काही महिन्यांत तो उतरतो. दोन्ही मांड्यांना टेप लावून मी माप दाखवते, तेव्हा दुखऱ्या बाजूची मांडी बारीक झालेली पाहून माणसे गप्प होतात. दुखते म्हणून जिना टाळायचा, जिना टाळला म्हणून मांडी कमजोर व्हायची, आणि मांडी कमजोर झाली म्हणून गुडघा आणखी दुखायचा, या फेऱ्यात कित्येकांची पाच-पाच वर्षे जातात.

'गॅप कमी झालाय' हे वाक्य तर एक्स-रेबरोबरच घरी येते आणि घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ होते. परंतु एक्स-रेमधील बदल आणि प्रत्यक्ष दुखणे यांचा मेळ बसतोच असे नाही. चित्र वाईट असूनही विनातक्रार चालणारे लोक असतात आणि चित्र बरे असूनही तळमळणारे असतात.

मागे ६२ वर्षांच्या एक बाई आल्या होत्या. 'जिना चढू नका, खाली बसू नका, मांडी घालू नका' हा सल्ला त्यांनी दोन वर्षे मनापासून पाळला होता, आणि आता त्यांना खुर्चीतूनही उठता येत नव्हते. घरची खुर्ची उंच व्हावी म्हणून त्यांनी तिच्यावर गोधडीची चौघडी घातली होती. मी ती गोधडी सोबत आणायला सांगितली. पहिल्या दिवशी त्या चौघडीवरून, खुर्चीच्या दांडीला एक हात धरून, दात-ओठ खात त्या चार वेळा उठल्या. सोबत गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबण्याचा व्यायाम होता आणि एका पायरीवर चढ-उतार होती. तिसऱ्या आठवड्यात गोधडीची एक घडी उलगडली, पाचव्यात दुसरी, आणि आठव्या आठवड्यात गोधडी बाजूला ठेवून, दोन्ही हात छातीशी घेऊन, त्या सलग दहा वेळा उठल्या. गुडघा तेव्हाही थोडा दुखतच होता, हे मुद्दाम सांगते.

कारण व्यायामाने दुखणे पार जाते, असे मी कुणालाही सांगत नाही. २०२४ मध्ये १३९ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात व्यायामाने वेदना कमी झाल्याचे दिसले, पण सरासरी फरक माफक, म्हणजे १०० गुणांच्या मोजपट्टीवर साधारण ९ ते १३ गुणांचा होता. शस्त्रक्रियेलाही मी नावे ठेवत नाही. डेन्मार्कमध्ये सांधा बदलण्याजोगी स्थिती असलेल्या १०० जणांवर एक चाचणी झाली. व्यायाम, आहार आणि औषधे सर्वांनाच दिली आणि निम्म्यांची शस्त्रक्रिया आधी केली. वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांना जास्त आराम होता. मात्र उरलेल्या ५० पैकी त्या वर्षात केवळ १३ जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली. मला हा १३ चा आकडा फार मोलाचा वाटतो.

त्याच देशात २०१३ पासून गुडघे आणि खुबे दुखणाऱ्यांसाठी एक कार्यक्रम चालतो : आधी माहितीची दोन सत्रे आणि मग सहा आठवड्यांत देखरेखीखाली व्यायामाची १२ सत्रे. दुखण्याबाबतचा त्यांचा नियम मी जसाच्या तसा उचलला आहे. शून्य ते दहाच्या मापात दुखणे पाचपर्यंत गेले तर चालते, पाचाच्या पुढे गेले तर व्यायाम हलका करायचा, आणि वाढलेले दुखणे २४ तासांत पूर्ववत झाले पाहिजे. व्यायाम करताना दुखले म्हणजे गुडघ्याला इजा झाली, ही भीती या नियमामुळे निघून जाते.

'मी रोज चालते की' असेही अनेक जणी म्हणतात. चालणे उत्तमच, ते सोडू नये. पण सपाट रस्त्यावर चालण्याने मांडीवर पुरेसा जोर येत नाही, म्हणून खुर्ची आणि पायरी हवीच. वजन जास्त असेल तर तेही उतरवावे, कारण एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो.

गुडघा लाल, गरम आणि सुजलेला असून ताप असेल, पडल्यावर पायावर भारच देता येत नसेल किंवा गुडघा मध्येच अडकून बसत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. बाकीच्यांनी उद्या सकाळी न घसरणारी, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्यावी, लागली तर तिच्यावर गोधडी घालावी, आणि किती वेळा उठता आले ते कॅलेंडरवर लिहून ठेवावे.