पदवीप्रदान समारंभाचा पोशाख

शनिवार, रात्री

येत्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयाचा पदवीप्रदान समारंभ आहे. नावनोंदणीच्या टेबलाशी आज दिवसभर मुलामुलींनी मला फिरून फिरून एकच प्रश्न विचारला: ‘मॅडम, गाऊनच्या आत काय घालायचं?’ काही सहकाऱ्यांना हा प्रश्न वरवरचा वाटतो. मला तो तसा वाटत नाही. ज्यांच्या घरातून आजवर कोणीही अशा व्यासपीठावर चढलेले नाही, त्यांना त्या दिवशी आपण अवघडलेले दिसू नये असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

मुलींना मी साडीच सुचवते, मात्र सुती किंवा हलकी. गाऊनचे कापड बहुधा पॉलिस्टरचे असते, सभागृह भरलेले असते आणि आपले नाव पुकारले जाईपर्यंत बराच वेळ बसून राहावे लागते. अशा वेळी आत भरजरी पैठणी असली तर मुलगी घामाघूम होते आणि त्या पैठणीचा पदर तर कोणाला दिसतही नाही. गाऊनमधून दिसतो तो गळा आणि पायाशी असलेले साडीचे काठ. म्हणून इरकल किंवा नारायणपेठ आणि तिच्यावर खणाचे पोलके हा मेळ मला फार आवडतो. निऱ्या नेहमीपेक्षा किंचित वर खोचाव्यात, कारण व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना एका हाताने गाऊन सावरावा लागतो आणि साडी सावरायला दुसरा हात मोकळा असेलच असे नाही.

सर्वांत जास्त त्रास होतो तो हूडचा, म्हणजे गाऊनवर गळ्यातून घालून पाठीवर सोडलेल्या कापडी पट्ट्याचा. त्याचा सगळा भार पाठीवर असल्यामुळे समोरची पट्टी हळूहळू वर सरकत गळ्याशी येते. सदऱ्याला बटण असते, त्यात हूडची दोरी अडकवता येते. पोलक्याला तशी सोय नसते, म्हणून दोन्ही खांद्यांवर हूड आणि गाऊन एकत्र धरून आतल्या बाजूने सेफ्टी पिना लावाव्या लागतात. टोपीसाठी अंबाडा मानेलगत घालावा, उंच अंबाड्यावर ती टिकत नाही. गजरा हौसेने माळावा. चपला नव्या असतील तर आधी घरात वापरून पाहाव्यात. मुलांना पांढरा सदरा, गडद पँट आणि पॉलिश केलेले बूट पुरेसे आहेत. झब्बा-लेंगा घालायचा असेल तर तोही चांगला दिसतो.

दुपारी मात्र एका मुलाच्या प्रश्नाने मी अस्वस्थ झाले. सूचनाफलकावर ‘फॉर्मल पोशाख आवश्यक’ एवढेच लिहिलेले होते. त्यावरून त्याने सूटच हवा असा अर्थ काढला आणि ब्लेझर भाड्याने कुठे मिळेल, अनामत किती ठेवावी लागेल, याची चौकशी करत तो दोन दुकाने फिरून आला होता. सकाळी काम करून दुपारी वर्गात बसणारा हा मुलगा. पदवी घेण्यासाठी त्याला एक रुपयाही कपड्यांवर खर्च करावा लागू नये, असे मला मनापासून वाटते.

गाऊन नको, भारतीय पोशाख हवा, ही मागणीही मला म्हणूनच थोडी थांबून तपासावीशी वाटते. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची आणि तेथील पहिले पदवीधर १८६२ सालचे. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर होते. विलायती विद्यापीठांचा हा झगा तेव्हापासूनच्या इंग्रजी अमदानीचा वारसा आहे, हे खरेच. २०१० मध्ये भोपाळच्या एका दीक्षान्त समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तो व्यासपीठावरच उतरवला होता. २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही आपल्या वैद्यकीय संस्थांना भारतीय पोशाख तयार करण्यास सांगितले. उन्हाळ्याच्या देशात काळा झगा गैरसोयीचा आहे, हे मलाही मान्य आहे. परंतु त्याचा एक गुण आपण विसरतो: आतली साडी नवी की मावशीकडून मागून आणलेली, हे तो कोणालाही कळू देत नाही. गाऊन काढून ‘पारंपरिक पोशाखात या’ एवढेच सांगितले, तर कोणाच्या अंगावर रेशीम आहे आणि कोणाच्या नाही, हे पहिल्या रांगेतूनच मोजले जाईल. बदल करायचाच असेल तर महाविद्यालयाने सर्वांना एकसारखे हातमागाचे उपरणे द्यावे आणि आत ज्याचे त्याने घरातले स्वच्छ कपडे घालावेत. असा बदल मी आनंदाने स्वीकारीन.

पालकांच्या पोशाखाविषयी काहीच अट नसावी. एका मुलीने विचारले, ‘आई नऊवारीच नेसते, चालेल ना?’ मी तिला म्हटले, आईंना पुढच्या रांगेत बसव.

सोमवारी सकाळी प्राचार्यांना भेटून फलकावरची सूचना बदलून घ्यायची आहे. मजकूर लिहून ठेवला आहे: ‘कोणताही स्वच्छ, नीटनेटका पोशाख चालेल. ब्लेझर, सूट किंवा नवीन कपड्यांची आवश्यकता नाही. सेफ्टी पिना आणि केसांचे आकडे नोंदणीच्या टेबलावर मिळतील.’ पिनांची पाकिटे उद्याच आणून ठेवते.