लस दिली होती, तरी?

लग्नात भेटा, शाळेच्या गेटवर भेटा, प्रश्न ठरलेला. "न्युमोनियाची लस दिली होती ना? मग पोराच्या छातीत पू कसा झाला?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

दिली होती. सरकारी दवाखान्यात, तिन्ही डोस: दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना, नवव्या महिन्यात. कार्ड आहे.

ताप औषधाने उतरायचा, परत चढायचा. एक्स-रेत उजवी बाजू पांढरी. सोनोग्राफीवाले म्हणाले, नुसतं पाणी नाही, आत जाळ्या झाल्यात. मग फासळ्यांमधून नळी. नळीचं टोक खाली बाटलीतल्या पाण्यात बुडवलेलं; पोरगा श्वास घेईल तसं नळीतलं पाणी वरखाली व्हायचं. मी त्याच्या तोंडाकडे कमी आणि त्या पाण्याकडेच जास्त बघायचे. हलायचं थांबलं की सिस्टरला हाक. पू इतका दाट की नळीतून औषध सोडून पातळ करावा लागला. तो झोपेत नळी ओढेल म्हणून आम्ही आळीपाळीने त्याचा हात धरून बसायचो.

तेव्हा मीही डॉक्टरांना हाच प्रश्न विचारला होता, तुमच्यापेक्षा चढ्या आवाजात. पुवाच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू आला होता. लस न्युमोकोकस या वेगळ्या जंतूवरची. स्टॅफवर लसच नाही. "आधी कुठे गळू आलं होतं का?" त्यांनी विचारलं. आलं होतं, मांडीवर. जंतू तिथूनच छातीत गेला का, हे कोणीच ठामपणे सांगत नाही.

"महागाची तेरावाली घ्यायची होती," इति सासूबाई. न्युमोकोकसचे प्रकार शंभराच्या वर, लसीत त्यातले मोजकेच, कुठे दहा, कुठे तेरा. तेरावालीत तीन नंबरचा प्रकार आहे, तरी ब्रिटन-पोर्तुगालमध्ये ती घेतलेल्या मुलांच्या छातीत त्यानेच पू केलाय. त्याचं कवच जाड, शिवाय ते सुटत राहतं आणि अँटिबॉडी त्या सुट्या तुकड्यांतच अडकतात. आणि आमचा जंतू तर न्युमोकोकस नव्हताच! पण हे ऐकायला कोण थांबतंय?

पूर्वी ग्रुपवर "लस दिली की निश्चिंत" असं मीच लिहायचे. त्या तेव्हाच्या मला आज काय सांगू? लसीने न्युमोकोकसचे गंभीर आजार कमी होतात, हे खरंच आहे. धाकटीलाही तिन्ही डोस दिलेत. तरी तिच्या अंगावर साधी पुळी दिसली की मी रात्रभर तिचे श्वास मोजते. नवरा म्हणतो, "जगाला समजावतेस ना तू?" समजावते. मोजतेही.