गिरगावच्या गच्चीवर ड्युरियन

मे महिन्यात रत्नागिरीहून लग्नासाठी मुंबईला गेले होते. लग्न झालं, जेवण बरं होतं, हॉलमध्ये घामाने जीव गेला. बस्स. लिहायचंय ते क्रॉफर्ड मार्केटबद्दल आणि ताईच्या शेजारच्या काकूंबद्दल.

सीएसएमटीहून चालतच गेले. १८६९ सालची ती इमारत बाहेरून अजून देखणी आहे. आत मात्र हमाल "बाजू, बाजू" करत टोपलीसकट अंगावर येतात. किवी आणि ड्रॅगनफ्रूटच्या राशींमागे थायलंडचा ड्युरियन दिसला, मॉन्थाँग जातीचा. फणसासारखं काटेरी, उग्र वासाचं फळ. गरे काढून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला छोटा ट्रे, अकराशे रुपये! अंगणातले फणस शेजारीपाजारी वाटून टाकणारी माणसं आम्ही, हात आखडलाच. तरी घेतला. "मॅडम, आज के आज खाओ," फळवाला म्हणाला, "कल पूरे बिल्डिंग को मालूम पड़ेगा."

उद्याची वाट कुठली बघायला! गिरगावात ताईने ओट्यावर प्लास्टिक सोडवलं आणि पाच मिनिटांत बेल वाजली. दारात काकू, नाकाला पदर. "अगं, तुझा गॅस लीक होतोय. काडी ओढू नकोस हं!"

काकूंचं नाक तसं तिखट. गळती कळावी म्हणून सिलेंडरच्या गॅसमध्ये इथेनथायॉल नावाचं गंधकाचं रसायन मुद्दाम घालतात, तेच ड्युरियनमध्ये आपसूक तयार होतं. २०१८ मध्ये मेलबर्नच्या एका विद्यापीठाचं ग्रंथालय गॅसगळती समजून रिकामं केलं होतं. निघाला कपाटात सडलेला ड्युरियन. सिंगापूरच्या मेट्रोत तर तो न्यायलाच बंदी आहे. मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्यावर काकूंचं एकच, "गच्चीवर जाऊन खा."

राग आला. यांच्या गॅलरीत सुके बोंबील लटकत असतात, तेव्हा कोणी बेल वाजवतं का?

गेलो गच्चीवर. ताईच्या सासूबाईही आल्या, आणि "नुसतं बघायला" म्हणून काकूसुद्धा. गरा तळहाताएवढा, फिकट पिवळा. वरचा पापुद्रा बोटाने फुटला की आत खरवसासारखा मऊ, पण चिकट. आधी गोड, दाट. गिळल्यावर मागून कांदा येतो. मला आवडला. ताईने थुंकून टाकला. सासूबाईंना तो फणसाचाच भाऊ वाटत होता. म्हटलं, नाही हो, फणस वडा-उंबराच्या कुळातला, हा भेंडी-कापसाच्या. "असेल," त्या म्हणाल्या, "बरक्यापेक्षा बरा आहे. पण अकराशेचा नाही."

काकूंनी "शी, काय घाण वास!" म्हणत तिसरा गरा उचलला.

रात्रभर ढेकरा त्याच वासाच्या. उरलेला ट्रे ताईने फ्रीजमध्ये ढकलला होता, त्यामुळे सकाळी सगळ्यांना चहा कोराच मिळाला.