सामानाचं सोवळं

मार्च २०२०च्या अखेरीस आमच्याकडे माणसांआधी सामान विलगीकरणात गेलं. दाराशी एक स्टूल मांडलं होतं, बाहेरून आलेल्या वस्तूने आधी त्यावर बसायचं. मुदतही ठरलेली. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत मोजलं होतं, की करोनाचा विषाणू पुठ्ठ्यावर २४ तास तग धरतो, प्लॅस्टिक आणि स्टीलवर ७२ आणि तांब्यावर जेमतेम ४. व्हॉट्सॲपवरून आलेली ही माहिती म्हणजे घराचं पंचांगच झालं. साबणाच्या वड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, म्हणजे उद्या. बिस्किटांचा पुडा थेट तेरवा. तांब्याचा आकडा कळल्यावर सासूबाईंना कोण आनंद! "माझ्या घंगाळाला अडगळ म्हणत होतात ना?"

दुधाला मात्र तीन दिवस कुठले थांबवणार? पिशव्या साबणाच्या पाण्यात बुडवायच्या, कोपरे चोळायचे, नळाखाली धरायच्या आणि मगच पातेल्यावर कात्री. भाज्यांचं शास्त्र घरागणिक वेगळं. कुणाचं मीठ-हळद, कुणाचा खायचा सोडा. दुधी, वांगी बिचारी सगळं सोसतात. कोथिंबीर नाही सोसत. मिठाच्या पाण्यातून काढून फडक्यावर पसरली, की संध्याकाळपर्यंत काळपट, चिकट लगदा. मग चटणी, नाहीतर कचऱ्याचा डबा.

सासूबाईंना यात नवं काहीच नव्हतं. बाहेरचे कपडे दाराशी, हातपाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. ज्या नियमांवरून लग्नानंतर आमचे खटके उडाले, तेच आता सॅनिटायझरची बाटली घेऊन परत आले होते. मला ते खुपायचं. सोवळं वस्तूंपाशी थांबत नाही, कधीच थांबलेलं नाही. टाळेबंदी सैल झाल्यावर आमच्या सोसायटीने घरकामाच्या बायकांना आत घेतलं, पण लिफ्ट वापरायची नाही या अटीवर. विषाणू देशात आला विमानाने. विमानाने आलेल्या एका रहिवाशांना लिफ्ट चालू होती.

पुढे एप्रिल २०२१मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने सांगून टाकलं, की दूषित पृष्ठभागाला हात लागून लागण होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी. रोग पसरतो तो मुख्यतः हवेतून. म्हणजे आम्ही पिशव्या घासत होतो आणि खिडक्या लावून बसत होतो! नवऱ्याने लगेच साबणाच्या खर्चाचा हिशेब मांडला. मला नाही तो खर्च वाया गेल्यासारखा वाटत. टीव्हीवर दिवसभर आकडे सरकत असताना हातांना काहीतरी काम हवंच होतं, आणि मला तरी स्वेटर विणता येत नाही.

सासूबाई आजही दुधाची पिशवी साबणाने धुतात. त्यांना सीडीसीचं सगळं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्याकडे पिशव्या खाली रस्त्यावर टाकून जातात का गं?"