हेलसिंकीच्या परिषदेला जाणाऱ्यांसाठी: फिनलंडिया हॉल आणि परिसर

हेलसिंकीत परिषदेसाठी जाणाऱ्याने मुक्काम मुख्य रेल्वे स्थानकाजवळच ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. कारण विमानतळावरून निघालेली लोकल सुमारे अर्ध्या तासात याच स्थानकात पोहोचते आणि तेथून परिषदेचे सभागृह, म्हणजे फिनलंडिया हॉल, पायी जाण्याइतका जवळ आहे. विमानतळ भाड्याच्या ‘सी’ विभागात असल्याने तिन्ही विभागांत चालणारे ‘एबीसी’ तिकीट घ्यावे. फलाटावर जाताना कोणी अडवत नाही, पण तपासनीस गाडीत केव्हाही येतात. ट्रामचा चालक तिकीट देत नाही, हेही ध्यानात असावे.

सभागृहाकडे हमरस्त्याने न जाता खाडीकाठच्या बागेतून जावे. वाटेत २०१८ साली उघडलेले ओओदी ग्रंथालय लागते. तेथे कोणालाही विनामूल्य जाता येते आणि वरच्या मजल्याच्या सज्जातून समोरच संसद भवन दिसते. दोन सत्रांमध्ये निवांत बसायला याहून चांगली जागा मला आढळली नाही.

फिनिश वास्तुविशारद आल्वार आल्तो यांनी रचलेली फिनलंडिया हॉलची इमारत १९७१ साली पूर्ण झाली आणि १ ऑगस्ट १९७५ रोजी ३५ राष्ट्रांनी युरोपातील सुरक्षा व सहकार्याविषयीच्या हेलसिंकी करारावर सह्या केल्या त्या येथेच. परिषद सुरू होण्यापूर्वी बाहेरून एक फेरी अवश्य मारावी. आल्तो यांनी भिंतींना इटलीतील कॅरारा या गावचा पांढरा संगमरवर लावला होता. मात्र येथील थंडी आणि ओल यांमुळे त्याच्या पातळ फरश्या हळूहळू वाकल्या. १९९० च्या दशकाअखेरीस त्या बदलून पुन्हा कॅराराचाच दगड बसवला, तर तोही वाकला. २०२२ मध्ये सुरू झालेल्या नूतनीकरणात मात्र दुसऱ्या खाणीचा संगमरवर निवडण्यात आला आणि २०२५ च्या आरंभी इमारत पुन्हा खुली झाली. हट्टाने जपलेले ते पांढरेपण जवळून पाहण्यासारखे आहे.

उपाहारगृहांत दुपारी अकरा ते दोनच्या सुमारास मिळणारे ठरावीक दराचे जेवण रात्रीच्या मानाने बरेच स्वस्त पडते. राय या धान्याच्या पिठाच्या पातळ पारीत भाताची खीर भरलेली कारेलियन पुरी शाकाहारी माणसालाही चालते. फक्त वरचे अंडे-लोणी नको, असे आधी सांगावे.

परिषदेनंतर अर्धा दिवस हाताशी असल्यास बाजारचौकातून बोटीने सुओमेनलिन्ना हा सागरी किल्ला गाठावा. प्रवास पाव तासाचा असून शहरातील ट्रामचे तिकीट बोटीलाही चालते. मात्र उघड्या डेकवर उभे राहायचे असेल, तर जून-जुलैतही जाकीट बरोबर ठेवावे.